सुभेदारांचं शिबिर: हर्णै-आंजर्ल्याच्या सड्यावर

ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे गोरेगाव, मग आंबेतला सावित्रीचा पूल. पुलापलीकडे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो आणि मंडणगडचा चढ लागतो. डिसेंबरचा शेवट होता. सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचं, गवत वाळून पिवळं पडलं होतं, काजूला तुरळक मोहोर दिसत होता, आणि वळणावळणावर जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेले ट्रक उभे होते. आंबडव्याचा फाटा मागे गेला. बाबासाहेब आंबेडकरांचं हे मूळ गाव. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि निवृत्तीनंतर काही काळ कुटुंबासह दापोलीला राहिले. १८१८ नंतर इंग्रजांनी दापोलीत छावणी वसवली. छावणी गेली, पण पेन्शनर शिपाई आणि सुभेदार मागे राहिले. ‘कॅम्प दापोली’ म्हणणारी म्हातारी माणसं या भागात अजून भेटतात. या तालुक्यात एखाद्या निवृत्त फौजीने मुलांसाठी शिबिर चालवावं, यात नवल काहीच नाही.

मी शाळेत शिकवते. नववी-दहावीच्या मुलांना शिबिरांना नेणं हे माझ्याकडे आपसूक आलेलं काम, आणि मला ते मनापासून आवडतं. लष्करी धर्तीच्या शिबिरांची आता गावोगाव जाहिरात असते: खाकी पोशाख, तोंडाला रंग, चिखलात लोळणारी मुलं. २०२२ मध्ये अग्निवीरांच्या भरतीची अग्निपथ योजना आल्यापासून भरतीची तयारी करून देणारे वर्गही वाढले आहेत. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, दहा पुलअप्स, नऊ फुटांचा खड्डा. हे आकडे कोकणातल्या बारावीच्या पोरांना पाठ असतात. हे सगळं कसं चालतं ते आतून बघायचं आणि मगच वर्गातल्या मुलांना न्यायचं, असं ठरवून मी निघाले होते. हे शिबिर चालवणाऱ्या निवृत्त सुभेदारांना फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “या बाई. पालक, शिक्षक कुणीही येऊन राहावं. फक्त फॉलइनला उभं राहावं लागेल.”

शिबिराची जागा हर्णै आणि आंजर्ल्याच्या मधे, गावापासून बरीच वर, उघड्या सड्यावर आहे. एका बाजूला काजूची बाग, दुसरीकडे कडा, खाली सुरूचं बन आणि समुद्र. तंबू साधे आहेत. लंगर म्हणजे झापांची एक शेड. तिथे सकाळी घावणे नाहीतर उकडीच्या तांदळाची पेज मिळते, रात्री भात, कुळथाचं पिठलं आणि लोणचं. नेमबाजी होती, दोरीवरून उतरणं होतं, अडथळ्यांची शर्यत होती. ही सगळीकडे असतात तशीच होती, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहीत नाही.

लिहायचं आहे ते मोजणीबद्दल.

पहाटे पाचला शिट्टी होते. “सावधान! विश्राम!” हे हुकूम हिंदीतच, एनसीसीत असतात तसे. मग नफरी. गटाचा नायक, तो रोज बदलतो, आपली माणसं मोजतो आणि उस्तादांना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, आकडा सांगतो. हे दिवसात किती वेळा होतं ते सांगणं अवघड आहे. खाडीवर उतरण्याआधी, उतरल्यावर, पाण्यात जाण्याआधी, पाण्याबाहेर आल्यावर, जेवणाआधी, झोपण्याआधी. प्रत्येकाची एक जोडी ठरलेली असते आणि जोडीदार कुठे आहे हे कोणत्याही क्षणी सांगता आलं पाहिजे. ठाण्याहून आलेल्या एका मुलीला सुभेदारांनी जेवता जेवता विचारलं, “तुझी जोडीदार?” तिने मागे वळून बघितलं. “बघून सांगितलंस, म्हणजे माहीत नव्हतं,” ते शांतपणे म्हणाले आणि पुढे गेले. आवाज चढला नाही, शिक्षा झाली नाही. पण त्या रात्रीनंतर ती मुलगी पाणी प्यायला उठली तरी जोडीदाराला सांगून जायची.

संध्याकाळी दिवे लागले की पायांची तपासणी. सगळी मुलं बूट-मोजे काढून ओळीने बसतात. सुभेदार जमिनीवर उकिडवे बसतात, कपाळाला टॉर्च, आणि एकेकाचा पाय हातात घेऊन तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या बघतात. सत्तरीला आलेला माणूस, मिशा पांढऱ्या. फोड दिसला की विचारतात, कधीपासून दुखतोय? “सकाळपासून” असं उत्तर आलं तर त्या मुलाच्या जोडीदाराकडे बघतात. तुला माहीत होतं का? मग स्वतः फोड स्वच्छ करून पट्टी लावतात. पायदळात पाय गेला की माणूस गेला, हे ते तरुणपणी शिकले. ती ओळ बघताना माझ्या मनातली बरीच शंका फिटली. मुलांचे पाय हातात घेणारा माणूस त्याच मुलांना दुसऱ्या दिवशी सड्यावर पळवतो, तेव्हा मुलं त्याच्यासाठी पळतात.

मी याच्या उलट शिबिर बघितलं आहे. नाव घेत नाही. दुपारी दीडच्या उन्हात रांगेत बोलला म्हणून एका मुलाला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तो ओकला, तेव्हा ‘नाटक करतोय’ म्हणून आणखी एक फेरी. कोकणच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. अशा वेळी ओकारी येणारं मूल नाटक करत नसतं. अमेरिकेत अशी ‘सुधारणा’ शिबिरं रानात, वाळवंटात भरायची. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ साली अशा ठिकाणी झालेल्या मुलांच्या मृत्यूंची दहा प्रकरणं तपासली. पुरेसं अन्नपाणी नाही, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण नाही, आणि आजारी मूल ढोंग करतंय असा समज, हेच त्यात पुन्हा पुन्हा दिसलं. मी हे सुभेदारांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ओरडायला अक्कल लागत नाही बाई. पाणी वेळेवर पाजायला लागते.” त्यांच्याकडे शिट्टी झाली की सगळे एकदम पाणी पितात, तहान असो वा नसो, आणि अकरा ते साडेतीन उघड्यावर कोणतंही काम नसतं.

रात्रीच्या मार्चची मुलं सगळ्यात जास्त वाट बघतात. त्या दिवशी शुद्ध पंचमी होती. चंद्र मावळल्यावर गट निघाले. प्रत्येक गटाकडे नकाशा, होकायंत्र आणि लाल जिलेटीन कागद लावलेली एकच टॉर्च. सड्यावर रात्री खुणेला काही नसतं, ना झाड ना घर, सगळीकडे सारखाच कातळ. मग पावलं मोजायची. आपली किती पावलं म्हणजे शंभर मीटर, हे मुलांनी दिवसा मोजून ठेवलेलं असतं. चुकल्यासारखं वाटलं की थांबायचं, हर्णैच्या दीपगृहाचा झोत कोणत्या अंशावर येतोय ते होकायंत्रावर बघायचं आणि नकाशावर उलटी रेघ मारायची. दुसरी रेघ गावच्या मोबाईल टॉवरच्या लाल दिव्यावरून. दोन रेघा जिथे छेदतात तिथे आपण. मी ज्या गटामागे होते त्यातला दापोलीचाच एक मुलगा, जो दिवसभर फारसा बोलला नव्हता, गुडघ्यावर बसून हे करत होता. बाकीचे त्याच्या डोक्यावर वाकले होते. “आपण डावीकडे सरकलोय,” तो म्हणाला. “बांध उजव्या हाताला पायजे.” दोनशे पावलांवर बांध उजव्या हाताला लागला. त्यानंतर सकाळपर्यंत तो मुलगा बोलत होता.

कातळावर दुसरी काळजी फुरशाची. रत्नागिरी जिल्हा या सापासाठी प्रसिद्ध आहे. हातभर लांबीचा, मातकट, दगडाखाली बसणारा, डिवचला की अंगाचे खवले घासून खरखर आवाज करणारा. मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतात: बूट झटकल्याशिवाय घालायचा नाही, दगड उचललाच तर आपल्यापासून लांबची कड वर करायची, अंधारात हात टेकायचा नाही. चावलंच तर जखमेवर कापाकापी नाही, करकचून बांधणं नाही. पाय हलू द्यायचा नाही आणि थेट दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय. त्यासाठी एक जीप रात्रभर तोंड रस्त्याकडे करून उभी असते, किल्ली तिच्यातच. विंचवाचंही तसंच. लाल विंचू कोकणात माणसं मारायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि चित्र पालटलं. पण ते औषध मिळायला माणूस वेळेत पोचावा लागतो.

खाडीचा दिवस सप्तमीला होता. तो मुद्दाम निवडलेला. होड्यांवर हर्णैचे एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी मुलांना काठावर बसवलं आणि विचारलं, “आज तिथी कंची?” कुणाला सांगता येईना. “सातम. सात पाउणे सव्वापाच. म्हणजे सव्वापाचला पुरी भरती.” तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ येते, अर्धा तास इकडे-तिकडे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती, पाण्याला ओढ कमी, म्हणून नवशिक्यांना हेच दिवस बरे. पुनव-अवसेच्या उधाणात खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ असते, ती चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर नेते. पाऊणकी ऐकून मुलं चकित झाली. मुंबईच्या एका मुलाने लगेच मोबाईलवर भरतीची वेळ बघायला हात खिशात घातला, पण मोबाईल पहिल्याच दिवशी जमा झालेले होते. मग त्याने पुढच्या सगळ्या तिथी बोटांवर करून काढल्या.

दुपारी साडेतीननंतर, भरतीचं पाणी आत येत असताना, लाइफ जॅकेट घालून मुलं वल्ही मारत खाडीत वर गेली. एका तालात वल्ही पडायला बराच वेळ लागला. पाचच्या आत सगळ्या होड्या काठाला, ओहोटी लागायची वाट बघायची नाही, हा मामांचा नियम. मग नफरी.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, तेव्हापासून समुद्रकाठी मुलांना नेताना माझ्या पोटात गोळा येतो. त्या बातम्या मी विसरलेले नाही. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. पालकांनी ते प्रमाणपत्र मागावं, मी मागितलं. सुभेदारांनी ते आणि दोऱ्या-हार्नेसची नोंदवही दोन्ही पुढे ठेवली. कोणती दोरी कधी घेतली, किती वेळा वापरली, कधी बाद केली, सगळं हाताने लिहिलेलं.

मुलांना रानात, समुद्रावर नेऊन घडवायची कल्पना तशी जुनी आहे. १९४१ मध्ये शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समधल्या ॲबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ सुरू केलं, ते तरुण खलाशांसाठी. बोट बुडाल्यावर जीवरक्षक होडीत अंगाने धडधाकट तरुण आधी खचत आणि मुरलेले जुने खलाशी तगून राहत, हे होल्ट यांच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडे १९४८ पासून एनसीसी आहे. या सगळ्यात लष्कराकडून घेण्यासारखं जे आहे ते मला या सड्यावर दिसलं: वेळ पाळणं, मोजणं, सामान जपणं, शेजारच्याची खबर ठेवणं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने याच किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. रस्ते झाडांनी बंद झाले, कित्येक दिवस वीज नव्हती. त्या वेळी दोरी बांधता येणारी, करवत धरता येणारी, अंधारात वाट काढणारी माणसं वाडीवाडीला हवी होती. सुभेदारांनी शिबिरात गावातल्या मुलांच्या जागा राखून ठेवल्या आहेत, त्यांच्याकडून पैसे घेत नाहीत. भरतीत निवड झाली तर उत्तम, नाही झाली तरी गावाला उपयोगी, असं त्यांचं म्हणणं.

शेवटच्या सकाळी सुवर्णदुर्गाला जायचं ठरलं होतं. हर्णैच्या बंदरातून समोर दिसतो, होडीने जेमतेम काही मिनिटं. मुलं आदल्या रात्रीपासून त्याचंच बोलत होती. पहाटे वारा वाढला. मामांनी बंदरात उभं राहून पाण्याकडे बघितलं आणि मान हलवली. सुभेदारांनी लगेच रद्द केलं. एका पालकांनी बरीच हुज्जत घातली, पैसे भरलेत म्हणाले. सुभेदारांनी ऐकून घेतलं, मग मुलांना घेऊन हर्णैच्या किनाऱ्यावरच्याच गोवा नावाच्या किल्ल्याच्या तटावर गेले आणि तिथून समोरच्या पाण्याकडे बोट दाखवून वारा, लाटांचं तोंड आणि खडकांची रांग समजावून दिली.

निघताना मी माझ्या नववीच्या चाळीस मुलांचं विचारलं. चोवीसच्या वर घेत नाही, म्हणाले. उस्ताद तेवढेच आहेत. मे महिन्यात नाही, डिसेंबरमध्येच. जोड्या ते ठरवतील, मैत्रिणी-मैत्रिणी एकत्र नाहीत. आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांनी दिवाळीपर्यंत शिकून यायचं. आमच्या शाळेजवळच्या तलावावर सकाळच्या बॅचचं मी बोलून ठेवलं आहे.