पहिल्या पावसानंतर येऊरच्या जंगलात

जूनच्या पहिल्या दोन-तीन दणदणीत सरी झाल्या की येऊर गाठा. ठाणे शहराला खेटून असलेला हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्वेकडचा भाग. वनखात्याच्या परवानगीने निघालेल्या गटाबरोबर आम्ही गेलो, वाट दाखवायला पाड्यावरचे एक वारली दादा होते. परवानगीशिवाय अंधारात आत शिरू नका. इथे बिबट्यांचा वावर आहे.

उजेड असतानाच शेवळं बघून घ्या. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती भारताबाहेर आढळत नाही. पान फुटायच्या आधीच जमिनीतून थेट तुरा वर येतो. त्याच्या कुजकट वासाला भुलून किडे येतात आणि परागीभवन होतं. ठाण्याच्या बाजारात शेवळांच्या जुड्या काकडं नावाच्या आंबट रानफळांसोबत मिळतात, कारण काकडं घातल्याशिवाय भाजीची खाज जात नाही. दादा म्हणाले, "तुरा घ्यायचा, कंद मातीतच ठेवायचा. नाहीतर पुढच्या वर्षी काय खाणार?" आपण पाहुण्यांनी मात्र तुऱ्यालाही हात लावू नये. बाजूच्या उतारावर आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी दाट आहे. ती 2024 मध्ये फुलली, आता थेट 2032.

अंधार पडल्यावर टॉर्च डोळ्यांच्या रेषेत, कपाळाजवळ धरा. पालापाचोळ्यात हिरवट-निळे ठिपके चमकतात, ते कोळ्यांचे डोळे. अतिनील टॉर्च असेल तर दगडांच्या कपारींवर क्षणभर मारा, विंचू हिरवट निळे उजळतात. साचलेल्या पाण्यात बुलफ्रॉगचे पिवळेजर्द नर गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडत होते. तिथून माझा पाय निघेना. त्या पाण्यात कुणी उतरू नये, कारण अंडी तिथेच घातली जातात. रातव्याची हाक ऐकू आली, पण मोबाइलवर आवाज लावून त्याला बोलावणं हा पक्ष्यावर अन्याय आहे.

हिरवा चापडा हा विषारी साप झुडपात छातीच्या उंचीवरही बसलेला असतो, म्हणून फांदी हाताने बाजूला सारू नका. पूर्ण पँट, बंद बूट हवेतच. साप चावलाच तर बांधणं, कापणं काही करू नका. हात किंवा पाय स्थिर ठेवून 108 ला फोन लावा. मुलं सोबत असतील तर त्यांना गटाच्या मधोमध चालवा.

बसने जाणार असाल तर परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते चढतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. रात्री वर रिक्षा मिळणं कठीण.