डोंगरातला हिरवा दगड

एमएस्सी जिऑलॉजी करून आयटीत गेलेल्या माणसाबरोबर सुट्टीला जाऊ नये असं आता बायकोचं ठाम मत झालंय. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याला लोक फ्योर्ड बघायला जातात, आम्हीही त्यासाठीच गेलो होतो, पण मी मधेच गाडी ऑहाइम नावाच्या गावाकडे वळवली कारण तिथं ऑलिव्हिन या हिरव्या खनिजाची मोठी खाण आहे आणि तिथंच ती आल्मक्लोव्हदालेनची दरी जिच्याबद्दल कॉलेजात नुसतं वाचलं होतं. पाऊस चालूच. ती गाडीतून उतरलीच नाही, आणि चहाचा थर्मास तिच्याकडे, हे माझं चुकलं.

त्या भागात बहुतेक सगळा नाईस, करडा पट्टेदार दगड, नावाप्रमाणे नाईस वगैरे काही नाही, जरा वेळानं कंटाळाच येतो. आणि मधेच एखादं टेकाड गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचं, त्यावर झाडझाडोराही बेताचाच. पण तुकडा फोडून बघितला की आतून सालीच्या मुगासारखा हिरवा! हा ड्युनाइट, म्हणजे जवळजवळ निव्वळ ऑलिव्हिन, पेरिडोटाइट या ऑलिव्हिनवाल्या दगडांच्या खानदानातला. काही ठिकाणी त्यात गार्नेट म्हणजे आपला तामडा पण असतो, मग हिरव्यावर डाळिंबाचे दाणे सांडल्यासारखं दिसतं.

हा मँटलचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थराचा दगड. आपला सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट म्हणजे मँटल थोडासा वितळून वर आलेला रस, आणि हा म्हणजे रस काढून झाल्यावर उरलेलं चिपाड (तोच मँटल नव्हे हं, पण नातं तेच). रस वर येतो ते कळतं, पातळ आणि हलका असतो. चिपाड कसं आलं? पेरिडोटाइटची घनता पाण्याच्या ३.३ पटीच्या आसपास, नाईसची २.७ पट, म्हणजे हा गडी आपणहून वर येणं शक्यच नाही, उलट बुडायला पाहिजे.

याचं उत्तर आजूबाजूच्या कंटाळवाण्या नाईसमध्येच आहे. १९८४ साली दोन वेगळ्या माणसांना, इटलीच्या आल्प्समध्ये क्रिस्तियाँ शोपाँला आणि इथं नॉर्वेत डेव्हिड स्मिथला, कोएसाइट सापडलं. कोएसाइट म्हणजे क्वार्ट्झचाच, आपल्या गारगोटीचाच अवतार, पण साधारण ९०-१०० किलोमीटर खालच्या दाबात तयार होणारा. म्हणजे खंडाचा क्रस्ट, वरचं कवच, जो हलका म्हणून कायम वरच तरंगणार असं धरलेलं होतं, तो तेवढा खाली जाऊन परत आला होता! ४० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला बाल्टिका खंड (आजचा नॉर्वे याच्याच कडेला) ग्रीनलंडच्या बाजूच्या खंडावर आदळला आणि बाल्टिकाची कड त्या दुसऱ्या खंडाखाली मँटलमध्ये घुसली. तिथं मँटलचे तुकडे तिच्यात अडकले, मग हलका नाईस वर उसळला आणि येताना ही जड मंडळी घेऊन आला, पाण्याखालच्या ओंडक्यात अडकलेला दगड ओंडक्याबरोबर वर यावा तसं.

तुकडे आत शिरले कसे यावर हॅनेस ब्रुकनर यांनी १९९८ मध्ये एक कल्पना मांडली जी मला फार आवडते. खाली गेलेल्या नाईसच्या डोक्यावर मँटल असतो, आणि तो जड, त्यामुळे त्याचे गोळे खालच्या मऊ पडलेल्या नाईसमध्ये वरून बुडाले. पातळ शिऱ्यात बेदाणे तळाशी जातात तसे. पुरावा म्हणाल तर वय बघा, भोवतीचा नाईस बराचसा १६०-१७० कोटी वर्षांचा, आणि ऑस्मियम धातूच्या आयसोटोपवरून (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) पेरिडोटाइटचं वय निघतं २५० कोटींच्या वर. पाहुणा घरापेक्षा म्हातारा! म्हणून तो समोरच्या खंडाखालचा, ग्रीनलंडकडचा मँटल असावा असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि मलाही ते पटतं.

उत्तरेला ओत्रोया बेटावरचा मामला अजून भारी आहे. तिथल्या गार्नेटमध्ये पायरॉक्सिन या दुसऱ्या एका खनिजाच्या बारीक सुया आहेत. प्रचंड दाबात गार्नेट जास्तीचा पायरॉक्सिन पोटात विरघळवून ठेवतं आणि दाब उतरला की तो बाहेर पडतो, पाकात साखर खडे धरते तसं. त्यावरून १९९८ मध्येच हिशोब निघाला, १८५ किलोमीटरपेक्षा खोल.

पण सगळीकडे हीच गोष्ट लावून मोकळं होता येत नाही. स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात चिमा दि गान्योने म्हणून जागा आहे, तिथंही नाईसमध्ये गार्नेटवाले पेरिडोटाइटचे भिंगासारखे गोळे, फोटोत दोन्ही शेजारी ठेवले तर मी तरी चाट पडेन. त्यांच्यासोबत रोडिंजाइटमधून तयार झालेले दगड आहेत. रोडिंजाइट कधी बनतो, तर समुद्राचं पाणी मुरून पेरिडोटाइटचं सर्पेंटाइन हे पाणी धरणारं खनिज होताना, शेजारच्या दगडात कॅल्शियम शिरलं की. म्हणजे हे गोळे आधी मँटलमधून उघडे पडून समुद्रतळाजवळ आले, भिजले, मग क्रस्टबरोबर खाली गेले, तिथं वाळून परत गार्नेट धरलं आणि पुन्हा वर आले. दोन फेऱ्या! त्याच भागातल्या आल्पे अरामीच्या दगडाबद्दल १९९६ मध्ये ३०० किलोमीटरहून खोलचा दावा झाला, त्यावर नंतर जोरदार भांडणं झाली, ते पुन्हा कधीतरी.

हे सगळं मी गाडीत बसल्या बसल्या बायकोला सांगितलं. तिनं एकच विचारलं, आपल्याकडे नाही का असलं काही? आहे ना, लडाखमध्ये, त्सो मोरारीच्या खडकांत कोएसाइट सापडल्याचं २००१ मध्ये डेहराडूनच्या वाडिया इन्स्टिट्यूटच्या लोकांनी छापलंय, आणि शेजारी कारझोकच्या बाजूला सर्पेंटिनाइट, म्हणजे असेच भिजून बदललेले पेरिडोटाइट, तेही मँटलचेच. तिनं थर्मास माझ्या हातात दिला आणि म्हणाली, लडाखला मी लेकपाशी बसणार, तू जा.