सध्या वाचतेय : गोडसे भटजी, वर्मा आणि मधूनमधून तांबे

विष्णुभट गोडसे यांचं १८५७ च्या बंडातलं प्रवासवर्णन ‘माझा प्रवास’ वाचतेय. मागच्या नोंदीत मी झाशीच्या कोटाबाहेरच होते. आता वेढा संपला, इंग्रजांनी झाशी घेतली, शहर लुटून झालं आणि भटजी काल्पीच्या वाटेला लागलेत. म्हणजे पुस्तक अर्ध्याच्या बरंच पुढे गेलं.

ज्यांनी हे पुस्तक अजून हाती घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वरसईचे विष्णुभट गोडसे, घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर वाटणार, ही बातमी कोकणात पोहोचते आणि १८५७ साली भटजी काकांना घेऊन उत्तरेकडे निघतात. महूपाशी येतात तोच शिपायांकडून बंडाची कुणकुण लागते. तरी मागे फिरत नाहीत.

मी दोन प्रती शेजारी ठेवून वाचतेय. एक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलेल्या पाठाची, दुसरी दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ साली काढलेली. वैद्यांचं ऋण मोठंच आहे. भटजींना लिहायला लावलं त्यांनीच, आणि इंग्रजी राज्यात बंडावरचं पुस्तक छापलं तेही त्यांनीच. पण त्यांनी भाषा घासूनपुसून घेतली, मजकूर इकडचा तिकडे केला, काही गाळलाही. पोतदारांच्या प्रतीत वाक्यं लांबलचक आहेत, मध्येच जेवणाचा बेत येतो, मध्येच दक्षिणेचा हिशेब, आणि त्याच दमात तोफेचा गोळा शेजारच्या घरावर पडतो. भिक्षुक माणूस संध्याकाळी ओसरीवर बसून सांगतोय असं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: एकच प्रत घ्यायची असेल तर पोतदारांची घ्या. जड जाईल, पहिली वीस-पंचवीस पानं तर फारच, पण पुढे कान सरावतो.

झाशीचा भाग मी मुद्दाम हळू वाचला. लूट कशी होते हे भटजी ज्या क्रमाने सांगतात ते मला कुठल्याच इतिहासाच्या पुस्तकात सापडलं नव्हतं. आधी सोनंनाणं जातं, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड, शेवटी धान्यसुद्धा. कुणी किती शूरपणा केला यापेक्षा घरातून काय काय गेलं याची ही यादी मनात जास्त रुतते. आणि तिथल्या पुस्तकसंग्रहाची नासधूस! वेदविद्या हेच ज्याचं भांडवल, तो माणूस पोथ्यांचा नाश बघतोय. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुढे गेले नाही.

मग ती विहीर. काल्पीच्या वाटेवर झाशीच्या राणीची आणि भटजींची गाठ पडते. राणी तहानलेली आहे. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणते आणि स्वतः काढून घेते. प्रसंग मोजक्या ओळींचा आहे. राज्य गेलंय, पाठीवर फौज आहे, आणि तरी मर्यादा सुटत नाही. मला लक्ष्मीबाई इथे जितकी जवळून दिसली तितकी आजवरच्या वाचनात कुठेच दिसली नव्हती.

एक गोष्ट मात्र आपल्या ग्वाल्हेरवाल्यांनी ध्यानात ठेवायला हवी. जून १८५८ मध्ये इथे जे घडलं, म्हणजे शिंद्यांची फौज ग्वाल्हेरजवळच्या मुरारपाशी फितूर होणं, राजे जयाजीराव शिंदे आग्र्याकडे निघून जाणं, राणीचा शेवट, हे भटजींनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते ऐकीव आहे. आणि त्यांच्या लिहिण्यात तो फरक लगेच कळतो: झाशीतले दरवाजे, गल्ल्या, वास, भीती सगळं हाताशी असतं, ग्वाल्हेरची हकीकत मात्र लांबून आल्यासारखी येते. त्यामुळे आपल्या गावापुरता हा साक्षीदार अपुरा पडतो.

म्हणून जोडीला वृंदावनलाल वर्मांची हिंदी कादंबरी काढली, ‘झाँसी की रानी’, १९४६ सालची. वर्मा मऊरानीपूरचे, म्हणजे झाशीकडचेच. लोकांच्या तोंडच्या आठवणी त्यांनी फार आस्थेने वापरल्यात, आणि राणीच्या सैन्यातल्या झलकारीला जी जागा दिलीय ती वाचताना ऊर भरून येतो. शेवट आपल्याकडचा: नाला, बाबा गंगादासांची कुटी, चिता. रोज इथल्या पडावावरून, राणीची समाधी आहे त्या फुलबागेकडे जाणाऱ्याला ही पानं वेगळीच लागतात. तरीही संवाद मला मध्ये मध्ये खटकतात. राणी बोलते तेव्हा १८५८ पेक्षा १९४६ जास्त ऐकू येतं. स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना लिहिलेलं पुस्तक आहे, तेव्हा ते समजण्यासारखं आहे, पण भटजींच्या विहिरीनंतर हे भाषण वाटतं. निम्मं झालंय, पूर्ण करणार नक्की.

कवी भा. रा. तांब्यांची समग्र कविता उशाशी असतेच. १९३५ ची ती माधव जूलियनांनी संपादित केलेली आवृत्ती मला प्रिय, कारण कवितेबरोबर राग, ठिकाण, साल दिलेलं असतं. ‘जन पळभर म्हणतील’ अजमेरची आहे हे त्यातूनच कळतं. आणि ‘लष्कर-ग्वाल्हेर’ (लष्कर हा ग्वाल्हेरचाच भाग) असं छापलेलं दिसलं की आपल्या घरचं नाव वाचल्याचा आनंद होतो. या आठवड्यात अर्थातच झाशीवालीवरची कविता पुन्हा वाचली, समाधीपाशी वाटसरूला थांबवून दोन आसवं मागणारी. ती मनातल्या मनात वाचू नका. मोठ्याने, चालीवर म्हणा. तांबे गाण्यातले जाणकार होते आणि या कवितेचं निम्मं बळ लयीत आहे. तांब्यांना राणी पाहायला मिळणं शक्यच नव्हतं, त्यांनी फक्त जागा पाहिली, आणि जागेचीच कविता केली. वर्मांपेक्षा ती मला जास्त खरी वाटते ती याच कारणाने.

पुढचा बेत: आधी भटजींना काशीहून गंगेची कावड घेऊन वरसईला पोहोचवायचं. मिळवलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली, पण आईवडिलांना गंगास्नान घालायचं हे त्यांनी सोडलं नाही, तो भाग मी दोन्ही प्रतींत ओळीला ओळ लावून वाचणार आहे. त्यानंतर वर्मांचीच ‘मृगनयनी’, ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर आणि त्याच्या गूजरी राणीची. गूजरी महाल किल्ल्याच्या पायथ्याशीच आहे, तेव्हा निम्मं पुस्तक झाल्यावर एक सकाळ तिथल्या संग्रहालयात घालवायची. कुणाला यायचं असेल तर तोवर निदान पहिली शंभर पानं वाचून ठेवा, बोलायला मजा येईल. आणि अमृतलाल नागरांनी भटजींचा केलेला हिंदी अनुवाद, ‘आँखों देखा गदर’, लष्करात कुणाकडे असेल तर मला हवाय. माझ्याकडची पोतदारांची प्रत बदल्यात महिनाभर देईन.