६ मिलिमीटरची फट: परसातल्या शेडमधून विषारी साप आणि कोळी बाहेर ठेवताना

परसातल्या शेडमध्ये सुतारकाम करणाऱ्याला सापांबद्दल सल्ले द्यायला सगळे तयार असतात. गवत कापा, अडगळ काढा, स्वच्छता ठेवा. सल्ले बरोबर आहेत आणि ही कामं सुट्टीच्या दिवसात उरकतातही. पण दाराखाली किती मिलिमीटर फट चालेल आणि ती कायमची बंद कशी करायची, एवढं विचारलं की कुणाकडे उत्तर नसतं. माझं काम तिथेच अडलं होतं आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. म्हणून बाकीचं भराभर सांगतो आणि दाराबद्दल सविस्तर लिहितो.

साप शेडमध्ये येतो तो बहुतेक वेळा उंदरामागे. उंदीर येतो भुशाच्या ढिगात घर करायला. नाग आणि घोणस उंदराच्या वासावर येतात, मण्यार उंदरांबरोबर पाली आणि इतर सापही खाते, फुरसं दगड-विटांच्या ढिगाखाली विंचू-किडे शोधत फिरतं. त्यामुळे भुसा रोज झाकणाच्या पिंपात भरायचा, फळ्या जमिनीवर न ठेवता रॅकवर ठेवायच्या. रॅकचा खालचा कप्पा जमिनीपासून किमान ३० सेंटिमीटर वर हवा, म्हणजे वाकून बॅटरी मारली की मागची भिंत दिसते. भिंत आणि रॅक यांच्यातही हात जाईल एवढी जागा सोडा. उंदरांसाठी चिकट पुठ्ठे वापरू नका, त्यावर साप चिकटतो आणि मग जिवंत, चिडलेला विषारी साप सोडवायचं काम मागे लागतं. खटक्याचा पिंजरा बरा.

डांबर गोळ्या, गंधक, लसूण, फिनेल यांनी साप अडत नाही. कार्बोलिक ॲसिडने माणसाची कातडी भाजते, साप येतोच. धूर करायचा विचार तर शेडमध्ये मनातही आणू नका. थिनर, पॉलिश आणि बारीक भुसा एकाच छपराखाली असतो.

आता दार. नियम एका ओळीचा आहे: ६ मिलिमीटरपेक्षा मोठी फट कुठेही नको. उंदराचं पिल्लू यापेक्षा थोड्या मोठ्या फटीतून सहज घुसतं आणि अंड्यातून नुकतीच निघालेली मण्यारीची पिल्लं किती बारीक असतात ते पाहिलं की हा आकडा जास्त कडक वाटत नाही. घोणस तर अंडी न घालता थेट पिल्लं देते, एका वेळी २० ते ४०, आणि ती जन्मापासून विषारी असतात. मोजपट्टीने फट मोजत बसू नका. ६ मिलिमीटरचा ड्रिल बिट घ्या आणि त्याचा गुळगुळीत दांडा चौकटीभोवती सगळीकडे घालून बघा. दांडा गेला ती जागा नापास. दुसरी तपासणी रात्री करायची: आत दिवा लावून, दार लावून बाहेर उभं राहायचं. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे खडूने खूण करा.

फॅब्रिकेटर पत्र्याचं दोन झडपांचं दार करून देतो तेव्हा खाली २० ते २५ मिलिमीटर फट ठेवतोच. दार घासू नये म्हणून ती लागते, असं तो सांगतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंही आहे. पण ही फट म्हणजे सापाला राजमार्ग आहे. मग सगळे रबराची पट्टी सुचवतात. रबर उंदीर कुरतडतो आणि कोपऱ्यात, जिथे झडप चौकटीला भिडते, तिथे ते आधी फाटतं. नायलॉनच्या ब्रशची पट्टी रबरापेक्षा बरी टिकते, पण कोबा उंच-सखल असेल तर ब्रश मधे दाबला जातो आणि टोकांना हवेत राहतो. बारीक साप नेमका टोकाचा रस्ता धरतो, कारण तो भिंतीच्या कडेकडेने सरकत येतो. कोब्यावर सिमेंटचा पातळ थर देऊन लेव्हल करू म्हटलं तर तो ट्रॉलीच्या चाकाखाली पोपड्यांनी निघतो. २५ मिलिमीटरपेक्षा पातळ थर जुन्या कोब्यावर धरत नाही.

सगळ्यात चीड आणणारा भाग म्हणजे उंबरठा. उंबरठा केला की प्रश्न सुटतो, हे कुणालाही कळतं. पण लेथ, बँडसॉ, प्लायवूडच्या शीट ट्रॉलीवरून आत न्यायच्या तर उंबरठा आडवा येतो, म्हणून शेड बांधताना तो कुणी करत नाही. मग बाहेर उघडणाऱ्या दाराला चालेल असा हा उपाय मी बसवला. तो टिकला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

झडपेच्या आतल्या बाजूला, तिला लागून, ४० मिलिमीटर उंचीचा काँक्रीटचा उंबरठा ओतायचा. झडपेची खालची कड बाहेरच्या जमिनीपासून २० मिलिमीटर वर असते, म्हणजे झडप उंबरठ्यावर २० मिलिमीटर चढून बसते. साप झडपेखालून आला तरी समोर काँक्रीटची भिंत लागते. झडप आणि उंबरठा यांच्यात किती जागा राहते, यावर सगळं अवलंबून आहे. ती मोजून ठेवायची नाही, ओतूनच मिळवायची. दार बंद करा, झडपेच्या आतल्या अंगाला ३ मिलिमीटर जाडीची हार्डबोर्डची पट्टी पॉलिथिनमध्ये गुंडाळून, वर ग्रीस फासून चिकटवा आणि तिला टेकवून काँक्रीट भरा. झडप वाकडी असेल तर उंबरठाही तिच्याच वळणाने वाकडा घडतो आणि फट सगळीकडे ३ मिलिमीटरच राहते. दुसऱ्या दिवशी पट्टी अलगद काढायची.

ओतण्याआधी जुना कोबा छिन्नीने टोचून खडबडीत करा, धूळ झाडा, पाणी मारा आणि सिमेंटचा रबडा फासा, मग लगेच काँक्रीट. रबडा सुकू दिला तर उलट सांधा सुटतो. कोब्यात १० मिलिमीटरच्या सळईचे तुकडे दर ३० सेंटिमीटरवर ठोकून ठेवले तर उंबरठा ट्रॉलीच्या धक्क्याने हलत नाही. सात दिवस ओलं पोतं ठेवून पाणी मारायचं. तोवर ट्रॉली आत न्यायची नाही. मला हीच वाट बघणं सगळ्यात जड गेलं, पण कच्च्या उंबरठ्याची कड उडाली की पुन्हा फट आलीच.

आतल्या बाजूला उताराचा रॅम्प द्या, उंचीच्या आठपट लांबीचा. ४० मिलिमीटर उंबरठ्याला ३२ सेंटिमीटर. बाहेरून चढायला जाड फळीचा सुटा रॅम्प पुरतो, कामापुरता लावायचा आणि काढून उभा ठेवायचा. आडवा पडून राहिला तर त्याच्याखालीच फुरसं बसेल.

दाराची आणखी दोन ठिकाणं आहेत. दोन झडपा मधे भेटतात तिथे एका झडपेला ४० × ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी उभी वेल्ड करून घ्या, ती दुसरीवर चढली पाहिजे आणि थेट खालच्या टोकापर्यंत गेली पाहिजे. वेल्डर ती दोन बोटं आखूड ठेवतो, तेव्हा उभं राहून करून घ्या. बिजागरीच्या बाजूची फट दार उघडताना बदलते, म्हणून तिथे जाड काहीही बसत नाही. पत्र्याची इंग्रजी एल आकाराची पट्टी चौकटीला आतून रिव्हेट करायची. बिजागऱ्या पावसाळ्यानंतर थोड्या झुकतात आणि वरून बरोबर दिसणारं दार खाली घासायला लागतं. ड्रिल बिटची तपासणी दर पावसाळ्याआधी आणि नंतर करायची ती याचसाठी.

छपराकडे बघायचं राहून जातं. नाळीदार पत्रा भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक नाळीत भोक राहतं. नुसता फोम भरला तर उंदीर काढतो. ६ मिलिमीटरची गॅल्वनाइज्ड वेल्ड जाळी नाळीच्या आकारात कापून आधी बसवा, मग फोम. खिडक्या, एक्झॉस्ट आणि धूळ खेचणाऱ्या पाइपच्या भोकाला हीच जाळी. प्लास्टिकची मच्छरजाळी उंदीर कुरतडतो, मग सापालाही वाट होते. नायलॉनच्या सुट्या जाळ्या शेडभोवती टांगू नका, साप त्यात अडकून मरतो.

साप स्वतः बीळ खणत नाही, उंदराचं वापरतो. कोब्याच्या बाहेरच्या कडेने बीळ दिसलं तर आत कुणी नाही याची खात्री झाल्याशिवाय बुजवू नका.

कोळ्यांचं सोपं आहे. बहुतेक कोळी माणसाला काहीच करत नाहीत. ‘ब्लॅक विडो’सारख्या विषारी विडो जातीच्या कोळ्यांची मादी मात्र सांभाळून. तिचं जाळं जमिनीलगत, बाकाखाली, रिकाम्या डब्यात, विस्कटलेलं आणि चिवट असतं, काडीने ओढलं की धागे तटतट तुटतात. लांब ब्रशने जाळं आणि त्यातली अंड्यांची गोळी दोन्ही काढा, नुसतं जाळं काढून उपयोग नाही. कीटकनाशकाचा फवारा फरशीवर मारून कोळी मरत नाही, कारण तो पायांच्या टोकांवर चालतो. हातमोजे, बूट आणि ॲप्रन खुंटीला टांगा आणि घालण्याआधी झटका. सालीसकट लाकूड आणलं तर त्यातल्या पोकळ्या बाहेर उजेडात ठोकून बघा. झाडाच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी त्यात असू शकतात. त्यांच्या चाव्याने स्नायूंना गोळे येतात आणि ते बराच काळ राहतात. दिवा दाराच्या तोंडावर लावू नका, किडे येतात आणि त्यांच्यामागे कोळी आणि पाली.

एवढं करूनही साप आत दिसला तर तीन मीटर मागे व्हा. नजर त्याच्यावर ठेवा, कारण तो कुठे गेला हे माहीत नसणं सगळ्यात वाईट. महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. कवड्या या बिनविषारी सापाला मण्यार समजून घाबरणारे पुष्कळ: कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे मागे स्पष्ट आणि बहुधा जोडीजोडीने. पण ही ओळख लांबूनच करायची, हातात घेऊन नाही. कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार आला तर घोणस समजा आणि पाऊल पुढे टाकू नका. नाग, घोणस यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि मारायला किंवा पकडायला गेलं की चावा बसायचा धोका वाढतो.

दंश झालाच तर अंगठी, घड्याळ काढा, दंश झालेला हात किंवा पाय मोडल्यावर बांधतात तसा फळीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. दोरीने आवळू नका, चिरू नका, चोखू नका. मण्यारीचा चावा दुखत नाही, कधी खूणही दिसत नाही. पोटात कळ आणि पापण्या जड होणं यावरून तो कळतो. भारतातली सर्पदंशावरची लस (प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापावर चालत नाही. ती घरी ठेवायची गोष्ट नाही. पण ती कुठल्या सरकारी रुग्णालयात चोवीस तास असते हे आधी चौकशी करून शेडच्या दारावर आतून लिहून ठेवा, फोन नंबरासकट, आणि नंबर बदलला का ते पावसाळ्याआधीच्या दाराच्या तपासणीबरोबरच बघा.