फोडायचं की ठेवायचं

मागच्या महिन्यात मिशिगनमधल्या बिग रॅपिड्सला जाऊन आले, तिथे फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत खालच्या मजल्यावर जिम क्रो म्युझियम आहे ते बघायला, आणि आल्यापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. जिम क्रो म्हणजे कोणी खरा माणूस नाही. १८३० च्या सुमारास टी. डी. राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळं फासून स्टेजवर नाचायचा, त्या पात्राचं ते नाव, पुढे अमेरिकेत काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या सगळ्या कायद्यांनाच ते चिकटलं. म्युझियममध्ये आहेत त्या काळ्यांची टिंगल करणाऱ्या रोजच्या वापरातल्या वस्तू.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते एका गल्ल्याने. ओतीव लोखंडाचा, काळ्या माणसाचा अर्धपुतळा, लालभडक ओठ, पुढे केलेला एक हात. तळहातावर नाणं ठेवून मागची खिट्टी दाबली की हात तोंडाशी जातो, तो नाणं गिळतो आणि डोळे गरकन फिरतात. हे खेळणं होतं हो, लहान मुलांना बचतीची सवय लागावी म्हणून आईवडील प्रेमाने आणून द्यायचे!

पुढे आँट जमायमाचे, म्हणजे पॅनकेकच्या तयार पिठाचे डबे. १८८९ पासूनचा ब्रँड, मालकाच्या घरात हसत राबणाऱ्या काळ्या बाईची प्रतिमा, आणि ते नाव बदललं कधी तर २०२१ मध्ये. ती सिरपची बाटली आमच्या फ्रीजमध्ये असायची, रविवारी मुलं पॅनकेकवर ओतायची, आणि मी एकदाही नीट बघितलं नव्हतं.

हे सगळं जमवलं डेव्हिड पिल्ग्रिम यांनी, ते स्वतः काळे, समाजशास्त्राचे प्राध्यापक. बारा-तेरा वर्षांचे असताना अलाबामात बाजारात असलीच एक वस्तू विकत घेतली आणि विकणाऱ्याच्या समोर जमिनीवर आपटून फोडली. तोच मुलगा पुढे एकेक वस्तू जपत गेला आणि १९९६ मध्ये दोनेक हजार वस्तू युनिव्हर्सिटीला देऊन टाकल्या.

गाडीत नवरा म्हणाला, असली घाण जपायची कशाला, जाळून टाकावी. राग मला समजतो, पण मला हे अजिबात पटत नाही. कायदे पुस्तकात सापडतात, पण द्वेष मिठाच्या डबीत, बिस्किटांच्या बरणीत कसा मुरला होता ते ती डबी हातात घेतल्याशिवाय कळत नाही, आणि वस्तू गेली की नाही म्हणायला लोक मोकळे.

हे मी बघितलंय. आजोळी गोठ्याच्या वळचणीला एक कान तुटलेला कप खोचलेला असायचा, कामाला येणाऱ्या दलित गड्याचा, चहा त्यात वरून ओतायचे आणि तो प्यायल्यावर स्वतःच विसळून परत खोचून ठेवायचा. परवा फॅमिली ग्रुपवर मी म्युझियमबद्दल लिहिलं आणि त्या कपाची आठवण काढली तर मामेभावाचा लगेच मेसेज, आपल्या घरात असलं कधीच नव्हतं. मामीला फोन करून विचारलं तो कप कुठे गेला. म्हणाली, अगं गोठा पाडला तेव्हाच टाकला, तुटका कप कोण ठेवतं?