हातोडा मीच उचलला

इथं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, ७४ वर्षांच्या माणसालाही नुसत्या नावानं हाक मारायची असते. मला अजून जमत नाही, म्हणून शेजारचे आजोबाच म्हणतो. त्यांच्याकडे १९७२ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार आहे. ह्याच गावात, कॅन्लीच्या कारखान्यात तयार झालेली. कारखाना गेला, गाडी आहे.

पुढच्या चाकाशी खाली ट्रनियन असतो, म्हणजे ज्यावर चाक वळतं तो आट्यांचा सांधा. सुबक पितळी कास्टिंग. त्यातून आडवा बोल्ट, बोल्टावर पोलादी नळी, नळीबाहेर नायलॉनचे बुश, म्हणजे घर्षण झेलणाऱ्या कड्या. पाणी शिरलं की बोल्ट आणि नळी गंजून एकजीव होतात. मग नट निघतो, बोल्ट गोल फिरतो, पण तसूभर सरकत नाही.

तसा अडकलेला बोल्ट काढायचा म्हणून आजोबा रोज संध्याकाळी त्यावर थोडं तेल सोडायचे आणि घरात जायचे. चार दिवस! मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या वस्तीत वाढलेला. म्हटलं, गॅसनं लाल करू, पाच मिनिटांचं काम. ते एवढंच म्हणाले, "नायलॉन." पाचव्या दिवशी ते चहा करायला गेले आणि मी हातोडा उचलला. सहा-सात घावांत बोल्टाचं टोक फुलून खिळ्याच्या डोक्यासारखं झालं, आटे चेपले. आता तो भोकातून जाणंच शक्य नव्हतं. आजोबांनी पाहिलं, माझ्या हातात कप दिला. एक शब्द नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तरी खरा दोष मिठाचा. इथं थंडीत रस्त्यांवर मीठ मारतात, ट्रकच्या ट्रक, बर्फ पडो न पडो. आपल्याकडे गाड्या अशा गंजत नाहीत. त्याआधी खड्ड्यांत खिळखिळ्या होतात, ते सोडा. पण आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की आरटीओच्या खेपा सुरू. इथं चाळिशी ओलांडलेल्या गाडीला रोड टॅक्स माफ, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. आजोबा तरीही दरवर्षी करून घेतात.

शेवटी विशबोन (चाक धरणारा त्रिकोणी दांडा) आणि ट्रनियनच्या फटीत हॅकसॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापला. दीड तास, तीन पाती. म्हणजे कापावा लागणारच होता, माझ्या हातोड्यानं फार बिघडलं असं नाही. नवा बोल्ट घालताना आजोबांनी त्याला ग्रीस चोपडलं. ट्रनियनच्या आट्यांना मात्र ग्रीस नाही, आपलं नव्वद नंबरचं गिअर ऑइल.

शनिवारी दुसऱ्या बाजूचा बोल्ट. मला बोलावणं आहे. येताना हॅकसॉची पाती आणायला सांगितलीत, हातोड्याचं नाव नाही.