‘लो-स्पीड’ या एका शब्दावरून

एकच कीबोर्ड दोन लॅपटॉपवर दोन तऱ्हेने वागत असेल, तर आत दोन वेगवेगळे दोष असतील हे मी आधी धरून चालतो. मे महिन्यात जळगावच्या आमच्या रिपेअरिंगच्या टेबलावर आलेला कीबोर्ड अगदी तसाच होता.

रावेरकडच्या एका डिप्लोमाच्या पोराने तो स्वतः बांधला होता. आत छापील बोर्ड नव्हता. ६१ स्विच, प्रत्येकाला एक १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), ५ आडव्या आणि १३ उभ्या ओळींच्या तारा हाताने सोल्डर केलेल्या, आणि मेंदू म्हणून रास्पबेरी पाय पिको हे छोटं कंट्रोलर बोर्ड. त्यावर चालणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, क्यूएमके. मराठी टायपिंगसाठी त्याने एक चांगला विचार केला होता. इनस्क्रिप्ट या कळांच्या मांडणीत हलन्त इंग्रजी ‘डी’च्या जागी असतो आणि जोडाक्षरांसाठी तो सारखा लागतो, म्हणून त्याने हलन्ताची आणखी एक कळ अंगठ्याखाली दिली होती.

“भाऊ, जुन्या लॅपटॉपवर ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ येतं. नव्याला तर काही लावलंय हेच कळत नाही. विंडोजसुद्धा नव्याने टाकून पाहिलं.”

विंडोज पुन्हा टाकण्यात त्याचे दोन दिवस गेले होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ आणि कोड ४३ दिसला की बहुतेक जण ड्रायव्हर शोधायला लागतात. कीबोर्डाला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. त्या संदेशाचा अर्थ एवढाच, की पोर्टला कोणीतरी जोडलंय हे कॉम्प्युटरला समजलं, पण ‘तू कोण’ या प्रश्नाला समजेल असं उत्तर आलं नाही. म्हणजे दोष वायरीपासून चिपपर्यंतच्या वाटेवर आहे.

आधी केबल. जुन्या लॅपटॉपची ए-टू-सी केबल मोबाईलला लावून फोटो कॉपी केले, म्हणजे ती नुसत्या चार्जिंगची नव्हती. मग पिकोवर मल्टीमीटर: ४० नंबरच्या पिनवर ४.९८ व्होल्ट, ३६ नंबरवर ३.२९. वीज नीट पोचत होती, रेग्युलेटरही ठीक.

पुढची पायरी मी कधीच सोडत नाही. पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरायचं आणि तसंच ठेवून केबल लावायची. आरपीआय-आरपी२ नावाचा ड्राइव्ह दिसला पाहिजे. हा बूटलोडर, म्हणजे नवं फर्मवेअर आत घेणारा छोटा प्रोग्राम, पिकोवरच्या आरपी२०४० चिपच्या रॉममध्ये कायमचा कोरलेला असतो, कितीही चुकीचं फर्मवेअर टाकलं तरी तो पुसला जात नाही. इथे ड्राइव्ह आला नाही, पुन्हा कोड ४३च. एवढ्यावरून क्यूएमकेवरचा संशय संपला. राहिला तो चिपला ठोके देणारा १२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल किंवा डेटाच्या दोन तारा.

तारांवर संशय यायला कारण होतं. पिकोचं मायक्रो-यूएसबी सॉकेट सोल्डर करताना उपटलं गेलं होतं. म्हणून त्याने केसच्या मागच्या बाजूला टाइप-सीचं छोटं बोर्ड बसवून त्याच्या तारा पिकोच्या पोटाखालच्या टेस्ट पॉइंटवर आणल्या होत्या: टीपी२ म्हणजे डी-मायनस, टीपी३ म्हणजे डी-प्लस. सोल्डरचे टाके चकचकीत, कुठे तुटलेलं नाही, शॉर्ट नाही. वरवर पाहता काम स्वच्छ होतं.

मग पेन ड्राइव्हवरून उबंटू चालू केलं आणि टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ (सिस्टिमचे आतले संदेश दाखवणारी आज्ञा) उघडं ठेवून कीबोर्ड लावला. ओळी आल्या: ‘न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस’, खाली ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१’, आणि तेच पुन्हा पुन्हा. एरर ७१ म्हणजे प्रोटोकॉलची चूक, त्यावरून फार काही कळत नाही. महत्त्वाचा शब्द ‘लो-स्पीड’. इथेच नजर घसरते, कारण साधे जुने कीबोर्ड आणि माऊस खरोखरच लो-स्पीड असतात, तेव्हा कीबोर्डापुढे हा शब्द खटकत नाही. पण पिको फुल-स्पीडवरच बोलतो, सेकंदाला १२ मेगाबिट. लो-स्पीड म्हणजे १.५ मेगाबिट.

कॉम्प्युटर हा वेग ओळखतो कशावरून? डिव्हाइस दोन डेटा तारांपैकी एक दीड किलोओहमच्या रेझिस्टरने ३.३ व्होल्टकडे ओढून धरतं. डी-प्लस वर ओढलेली दिसली तर फुल-स्पीड, डी-मायनस दिसली तर लो-स्पीड. पिको बिचारा डी-प्लसच ओढत होता, पण ती तार दुसऱ्या टोकाला डी-मायनसवर जाऊन बसली होती. मल्टीमीटरचा बझर लावून पाहिलं आणि तसंच निघालं: टाइप-सी बोर्डावरच्या डी-प्लसला टेकवलं की टीपी२ वाजायचा.

चूक का झाली तेही त्याच्या वहीत दिसलं. पिकोचा नकाशा वरून पाहिल्यासारखा काढलेला असतो, टेस्ट पॉइंट मात्र खाली. बोर्ड पालथं केलं की डावं-उजवं बदलतं.

दोन्ही तारा काढल्या. टेस्ट पॉइंटचा तांब्याचा ठिपका लहान असतो, तार ओढली तर तोच उचकटून येतो. म्हणून सोल्डरिंग आयर्न ३२० अंशांवर, आधी फ्लक्स, आणि टोक दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही. नव्या तारा ९ सेंटिमीटरच्या, एकमेकींना पीळ देऊन. सोल्डरच्या अलीकडे त्या एपॉक्सीने बोर्डाला धरून टाकल्या. ग्लू-गनचा गोंद मी आमच्याकडच्या उन्हाळ्यात टाळतो, तापलेल्या डिकीत तो मऊ पडतो.

केबल लावली. ‘न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस’. पोराने ती ओळ दोनदा वाचली.

नवा लॅपटॉप तरीही गप्पच होता, कारण तो दुसरा दोष. त्याला सी-टू-सी केबल होती. ए पोर्ट ५ व्होल्ट कायम देतं, सी पोर्ट मात्र समोर कोणी आहे याची खात्री पटल्याशिवाय वीज सोडत नाही. ती खात्री सीसी१ आणि सीसी२ या पिनांपासून ग्राउंडला लावलेल्या ५.१ किलोओहमच्या रेझिस्टरने पटते. त्याच्या स्वस्त बोर्डावर ते नव्हतेच. रेझिस्टर दोन लावायचे, प्रत्येक पिनला स्वतंत्र. एकच लावला तर प्लग एका बाजूनेच चालतो. दोन्ही पिना जोडून एका रेझिस्टरवर भागवलं तर आत चिप असलेल्या केबलवर वीज अडते. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४च्या पहिल्या आवृत्तीत हीच चूक झाली होती. टेबलावर ५.१चे सुटे रेझिस्टर होते. ते बसवले आणि प्लग उलटसुलट फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिला.

टायपिंगला बसल्यावर शिफ्टसह ‘एन’ दाबून ‘ळ’ आला, अंगठ्याच्या हलन्ताने ‘क्ष’ जुळला. फक्त सर्वांत वरची आकड्यांची ओळ मुकी. डायोड मोडवर मीटर उलटसुलट लावून पाहिलं तर त्या ओळीतले १३ही डायोड उलटे होते. काळी पट्टी तारेच्या ओळीकडे हवी ती स्विचकडे. फर्मवेअरमध्ये डायोडची दिशा सगळ्या कीबोर्डाला एकच लागू होते, म्हणून एका ओळीसाठी ती बदलून उपयोग नव्हता. १३ डायोड काढून फिरवायचे, दुसरा इलाज नाही. संध्याकाळची गाडी गाठायची होती. मी पहिले दोन फिरवून दाखवले, उरलेल्या ११ साठी सोल्डर विक, म्हणजे जुनं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची पट्टी, त्याच्या पिशवीत टाकली.